ब्रिटिश व्यापारी जहाजे आणि आगबोटी, १८०० ते १८४५: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या पत्रात, कबरीवरच्या दगडावर किंवा घराण्याच्या वहीत एखाद्या जहाजाचे नाव सापडते आणि शोध तिथेच अडतो. नाव हाती आहे, पण जहाज कोणते ते कळत नाही. खालची उत्तरे अशांसाठी आहेत. आधी शिडाची जहाजे, मग आगबोटी, आणि शेवटी कागदपत्रांच्या खाचाखोचा.

जहाजाची कारकीर्द शोधायची म्हणजे नेमके काय शोधायचे?

जहाज कुठे आणि कधी बांधले, मालक कोण, कप्तान कोण, कोणत्या मार्गावर चालले आणि शेवट कसा झाला. यांपैकी बांधणीचे ठिकाण, बांधणीचे साल आणि टनेज (जहाजाच्या आकारमानाचे माप) या तीन गोष्टींवरच ओळख पटवावी. कप्तान दर दोन-तीन वर्षांनी बदलतो, मालक बदलतो, मार्ग तर भाडे मिळेल तसा बदलतो. नावावर मात्र अजिबात विसंबू नये.

एकाच नावाची दहा-दहा जहाजे दिसतात. आपले कोणते?

'ब्रिटानिया', 'मेरी', 'होप', 'फ्रेंड्स' असली नावे एका वर्षाच्या यादीत पानभर सापडतात. म्हणून त्या काळची माणसे जहाजाचा उल्लेख नाव आणि कप्तानाचे आडनाव अशा जोडीने करत: 'सिरियस, रॉबर्ट्स'. आपणही तेच करावे.

कामाची पद्धत अशी. ज्या वर्षाचा उल्लेख हाती आहे त्या वर्षाच्या लॉइड्स रजिस्टरमध्ये (दरवर्षी छापली जाणारी जहाजांची यादी) त्या नावाच्या सगळ्या ओळी उतरवून घ्या. कप्तानाचे आडनाव जुळेल तिथे खूण करा. मग त्याच ओळीतले टनेज, बांधणीचे ठिकाण आणि साल धरून एकेक वर्ष मागे आणि पुढे जा. मध्ये वर्षे गाळू नका. १८१५ वरून थेट १८२० वर उडी मारली की आधीचे जहाज बुडून त्याच मालकाने त्याच नावाचे दुसरे बांधलेले असते, आणि दोन जहाजांचे एकच चरित्र तयार होते. ही चूक छापील पुस्तकांतही भरपूर आहे.

जहाजांची नावे बदलत असत का?

ब्रिटिश नोंदणीत असताना सहसा नाही. १७८६ च्या नोंदणी कायद्याने एकदा नोंदवलेले नाव बदलायला मनाई होती, आणि ही बंदी १८७१ मध्ये सैल झाली. त्यामुळे नाव बदललेले दिसले की दोन शक्यता आधी तपासाव्यात. एक, जहाज परदेशी विकले गेले. क्लाइड नदीवर १८१४ मध्ये बांधलेली 'मार्जरी' ही आगबोट फ्रेंचांकडे गेली आणि १८१६ मध्ये 'एलिझ' या नावाने इंग्लिश खाडी ओलांडून गेली. क्युनार्ड या आगबोट कंपनीची १८४० ची 'ब्रिटानिया' १८४९ मध्ये जर्मन आरमारात 'बार्बारोसा' झाली. दुसरी शक्यता, जहाज मुळात शत्रूकडून पकडलेले होते आणि ब्रिटिश नोंदणी होताना त्याला नवे नाव मिळाले. नेपोलियनच्या युद्धकाळात अशी जहाजे खूप होती. रजिस्टरमध्ये त्यांच्या बांधणीच्या रकान्यात गावाऐवजी नुसते 'फ्रेंच' किंवा 'प्राइझ' असे लिहिलेले असते.

लॉइड्स रजिस्टरची ओळ कशी वाचायची?

डावीकडून उजवीकडे साधारण असा क्रम असतो: नाव, जहाजाचा प्रकार, तांब्याच्या पत्र्याची नोंद, कप्तान, टनेज, बांधणीचे ठिकाण, बांधणीचे साल किंवा वय, मालक, भरल्यावर पाण्यात किती फूट बुडते, कुठे तपासणी झाली आणि कुठे जायचे, आणि शेवटी वर्ग.

प्रकारासाठी एकदोन अक्षरेच असतात. तीनही डोलकाठ्यांवर आडवी शिडे असतील तर 'शिप'. मागच्या डोलकाठीवर फक्त उभे शीड असेल तर 'बार्क'. दोनच डोलकाठ्या आणि दोन्हींवर आडवी शिडे असली की 'ब्रिग'. एखादे जहाज अमुक वर्षापर्यंत शिप आणि पुढे बार्क दिसले तर जहाज बदलले असे समजू नका. मागची आडवी शिडे काढली की खलाशी कमी लागतात. मालकाने पगार वाचवला, एवढाच त्याचा अर्थ.

'कुठे जायचे' हा रकाना सर्वांत फसवा. तो तपासणीच्या वेळी सांगितलेला बेत असतो. लंडन ते मुंबई लिहिले म्हणून जहाज मुंबईला पोचलेच असे नाही. ते लॉइड्स लिस्टमध्ये ताडून पाहावे लागते.

लॉइड्स रजिस्टर आणि लॉइड्स लिस्ट यांत फरक काय?

रजिस्टर वर्षातून एकदा निघणारी जहाजांची यादी, लिस्ट म्हणजे जहाजांच्या हालचालींचे वर्तमानपत्र. लिस्ट आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी निघे, जुलै १८३७ पासून ती रोजची झाली. कोणते जहाज कुठून सुटले, कुठे पोचले, कुठे रुतले, हे तिथे सापडते. बातमीची तारीख आणि घटनेची तारीख यांत गल्लत करू नका. केप ऑफ गुड होपमार्गे मुंबईची बातमी लंडनला पोचायला चार-पाच महिने लागत.

एकाच वर्षाची दोन रजिस्टरे आहेत आणि दोन्हींत आकडे वेगळे आहेत. खरे कोणते?

१७९९ ते १८३३ या काळात दोन प्रतिस्पर्धी रजिस्टरे होती: विमेकऱ्यांचे हिरवे पुस्तक आणि जहाजमालकांचे लाल पुस्तक. भांडणाचे मूळ वर्गवारीत होते. विमेकऱ्यांनी जहाज कुठे बांधले त्यावरून वर्ग ठरवायला सुरुवात केली आणि थेम्सवर बांधलेल्या जहाजांना झुकते माप दिले. मालक चिडले आणि त्यांनी आपले पुस्तक काढले. दोन्ही डबघाईला आल्यावर १८३४ मध्ये एकत्र आली. तोवरच्या काळासाठी दोन्ही पाहावीत. एकात ओळ जुनीच छापत राहिलेली असते, तर दुसऱ्यात ती सुधारलेली असते.

आणखी एक सवय लावून घ्या: रजिस्टरमध्ये नाव आहे म्हणजे जहाज तरंगते आहे असे मानू नका. मालकाने कळवले नाही तर बुडालेले जहाजही दोन-तीन वर्षे छापले जाई. नव्या तपासणीची नोंद थांबली ते वर्ष पकडा आणि त्याच्या आसपासच्या लिस्टा चाळा.

'ए-वन' म्हणजे उत्तम जहाज ना?

अक्षर सांगाड्यासाठी, आकडा नांगर, साखळदंड, दोर, शिडे या सामानासाठी. 'ए' पहिला वर्ग, मग 'ई', 'आय' असे खाली. पण १८३४ पूर्वी ठरलेली वर्षे संपली की कितीही दुरुस्ती केली तरी जहाज 'ए' मधून 'ई' मध्ये घसरे. म्हणजे जुन्या पुस्तकातला 'ई' बऱ्याचदा फक्त वय सांगतो. १८३४ नंतर लाकूड आणि कारागिरी पाहून किती वर्षे 'ए-वन' ते ठरू लागले. सागवान आणि इंग्लिश ओक यांना सर्वांत जास्त, बारा वर्षे मिळत, हलक्या लाकडांना त्याहून कमी.

त्याच जहाजाचे टनेज अचानक बदलते. का?

कारण मोजण्याची पद्धत बदलली. १८३५ पर्यंत जुने सूत्र असे होते: लांबीतून रुंदीचे तीन-पंचमांश वजा करायचे, उरलेल्याला रुंदीने गुणायचे, मग अर्ध्या रुंदीने गुणायचे आणि ९४ ने भागायचे.

उदाहरणादाखल ११० फूट लांब आणि २८ फूट रुंद जहाज घ्या. २८ चे तीन-पंचमांश १६.८. ११० वजा १६.८ म्हणजे ९३.२. त्याला २८ ने गुणले की २,६०९.६, पुन्हा १४ ने गुणले की ३६,५३४.४. भागिले ९४ केल्यावर उत्तर येते ३८८ पूर्णांक ६२ छेद ९४. नोंदणीपत्रात हा अपूर्णांकही लिहिलेला असतो आणि तो बोटाच्या ठशासारखा उपयोगी पडतो. दोन 'होप' ३८८ टनांच्या असतील, पण दोन्हींचा अपूर्णांक ६२ असणे कठीण.

या सूत्रात खोली कुठेच मोजलेली नाही, ती रुंदीच्या निम्मी धरली आहे. मग मालकांनी काय केले? जहाजे अरुंद आणि खोल बांधली. बंदराचा कर कागदावरच्या टनांवर, माल मात्र त्याहून जास्त. अशी जहाजे वाऱ्याला कलत, चालीला मंद असत. १८३६ पासून आतली खोली मोजणारी पद्धत आली आणि १८५५ पासून तिसरी. त्यामुळे १८३० च्या दशकात बांधलेल्या जहाजाला तीन वेगवेगळी टनेज असू शकतात आणि तिन्ही बरोबर असतात.

आगबोटींचा घोळ आणखी मोठा. इंजिन ठेवलेल्या दालनाची लांबी वजा करून करपात्र टनेज काढत. 'टनेज ४००' लिहिले असेल तर ते वजावट करून की न करता, हे आधी पाहावे.

तांब्याच्या पत्र्याला एवढे महत्त्व का?

उष्ण समुद्रात लाकूड पोखरणारा किडा लागतो आणि तळावर शेवाळ-शिंपले बसून चाल मंदावते. तांबे दोन्ही थांबवते. चार फूट लांब आणि चौदा इंच रुंद पत्रे तळावर खिळ्यांनी ठोकत. पूर्वेकडच्या फेऱ्यांत ते काही वर्षांतच झिजून बदलावे लागत, म्हणून रजिस्टरमध्ये पत्रा कधी लावला त्याचे साल दिलेले असते. त्या सालावरून जहाज गोदीत कधी होते ते कळते.

यात एक सापळा आहे. सांगाडा लोखंडी खिळ्यांनी जोडलेला असेल आणि वर तांबे चढवले, तर खाऱ्या पाण्यात दोन धातूंमधून वीज वाहते आणि लोखंड खाल्ले जाते. बाहेरून तळ चकचकीत, आतून खिळे सुईसारखे बारीक. अशी जहाजे चांगल्या हवेतही फाटली. १८३२ मध्ये जॉर्ज मंट्झ यांनी तांबे-जस्ताच्या स्वस्त मिश्रधातूचे पेटंट घेतले आणि पुढे व्यापारी जहाजांनी तोच पत्रा वापरला.

मुंबईत बांधलेली जहाजे खरेच जास्त टिकत?

हो, आणि कारण सागवान. ओकमधले आम्ल लोखंड खाते. सागवानात तेल असते, त्यामुळे त्यातला खिळा गंजत नाही आणि लाकूड लवकर कुजत नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील मुख्य कारागिरांच्या हाताखाली युद्धनौका आणि चीनच्या फेरीची मोठी व्यापारी जहाजे दोन्ही बांधली गेली. जमशेटजी बोमनजी यांच्या काळात, १८१७ मध्ये पाण्यात सोडलेली 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. व्यापारी जहाजांपैकी कलकत्त्यात १८१३ मध्ये बांधलेले 'जावा' जिब्राल्टरला कोळशाचे गोदाम म्हणून १९३९ पर्यंत उभे होते.

ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे कंपनीच्याच मालकीची होती ना?

बहुतेक नव्हती. कंपनी ती भाड्याने घेई. मालक म्हणजे भागीदारांचा गट, आणि त्यांच्या वतीने व्यवहार पाहणाऱ्या गृहस्थाला जहाजाचा 'हजबंड' म्हणत. म्हणून कंपनीच्या कागदांत मालक म्हणून दिसणारे नाव अनेकदा एकट्याचे नसते. कंपनी फेऱ्या मोजून जहाज ठेवी. आधी चार फेऱ्यांची मर्यादा होती, पुढे सहा, मग मोठी दुरुस्ती करून आठपर्यंत.

१८१३ च्या सनदी कायद्याने हिंदुस्थानचा व्यापार खासगी जहाजांना खुला झाला, पण जहाज किमान ३५० टनांचे हवे ही अट होती. त्यानंतरच्या यादीत ३५० च्या जरा वरची जहाजे का गर्दी करतात, याचे उत्तर इथे आहे. १८३४ मध्ये चीनचा मक्ताही गेला, कंपनीने व्यापार बंद केला आणि तिच्या स्वतःच्या जहाजांचाही लिलाव झाला.

म्हातारी जहाजे कुठे जात?

खालच्या पायरीवर. नवे जहाज आधी चहा, नीळ, रेशीम अशा पाण्याने खराब होणाऱ्या मालावर चाले, कारण विमेकरी तिथे 'ए-वन' मागत. वर्ग घसरला की साखर, कापूस, सैनिक, कैदी, स्थलांतरित. पुढे इंग्लंडच्या किनाऱ्यावरचा कोळसा. आणि अगदी शेवटी कॅनडाचे लाकूड. लाकडाने भरलेले जहाज पाणी भरले तरी बुडत नाही, हा मालकाचा हिशेब. खलाशांचा हिशेब वेगळा होता: डेकपर्यंत पाणी, अन्नाच्या कोठ्या भिजलेल्या, आणि अटलांटिकचा हिवाळा. डेकवरही ओंडके रचत, त्याने जहाज डोक्याशी जड होई. १८३९ मध्ये कायद्याने हिवाळ्यात असा डेकवरचा लाकूडमाल बंद केला.

तरंगण्यापलीकडे काही करता येईना की डोलकाठ्या काढून तुरुंग, गोदाम किंवा कोळशाची वखार. 'सक्सेस' हे जहाज १८४० मध्ये ब्रह्मदेशात सागवानात बांधले, मेलबर्नला तुरुंग म्हणून वापरले आणि पुढे '१७९० चे कैद्यांचे जहाज' अशी जाहिरात करून प्रदर्शनात फिरवले. तिकीट खपवायला पन्नास वर्षे वाढवली. १९४६ मध्ये अमेरिकेत ते जळाले, पण खोटे साल अजून सापडते. प्रदर्शनाच्या पाट्यांवर विश्वास ठेवू नये, तो यासाठी.

पहिली आगबोट कोणती?

'पहिली' कशात, ते आधी ठरवा. विल्यम सिमिंग्टन यांच्या 'शार्लट डंडास'ने १८०३ मध्ये स्कॉटलंडच्या कालव्यात दोन बार्जा ओढल्या, पण ती प्रवासी नेत नव्हती. हेन्री बेल यांची 'कॉमेट' १८१२ पासून क्लाइडवर भाडे घेऊन नियमित चालली, म्हणून युरोपातली पहिली व्यापारी आगबोट तीच. डिसेंबर १८२० मध्ये क्रेग्निशजवळ खडकावर आदळून ती फुटली. इंजिन मात्र वाचले आणि ते लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. लोखंडी आगबोटींत समुद्रात गेलेली पहिली 'एरन मॅन्बी', १८२२, लंडन ते पॅरिस.

आगबोटीची कारकीर्द शिडाच्या जहाजापेक्षा वेगळी का?

कारण आगबोटीला दोन आयुष्ये असतात, सांगाड्याचे एक आणि यंत्राचे एक, आणि ती एकत्र संपत नाहीत. सर्वांत आधी बॉयलर जातो. तेव्हा बॉयलरमध्ये समुद्राचेच पाणी घालत. पाणी उकळून जाई, मीठ आणि चुना मागे राही. तो थर साचला की लोखंडाला पाण्याचा गारवा मिळत नाही, पत्रा लाल होतो, फुगतो आणि फाटतो. उपाय म्हणून तळचे खारट पाणी ठराविक वेळाने समुद्रात सोडत आणि नवे घेत. त्यासोबत तापवलेल्या पाण्यातली उष्णता, म्हणजेच कोळसाही बाहेर जाई. आळशी इंजिनियरने कोळसा वाचवायला हे टाळले तर बॉयलरची किंमत मोजावी लागे. वाफेचा दाब अगदी कमी, चौरस इंचाला तीन-पाच पौंड, म्हणून समुद्रात बॉयलर उडण्यापेक्षा गळण्याचे प्रकार जास्त.

दुसरी अडचण बाजूच्या चाकांची. निघताना कोळशाने बोट खाली बसलेली, चाके खोल पाण्यात, यंत्राला दम लागतो. पोचताना कोळसा संपलेला, बोट वर आलेली, फळ्या पाणी नुसते थापटतात. चाक योग्य खोलीवर असते ते फक्त प्रवासाच्या मध्यावर. त्यात बोट एका अंगाला झुकली की एक चाक हवेत आणि दुसरे बुडालेले.

म्हणून रजिस्टरमध्ये 'नवे बॉयलर', 'लांबी वाढवली' अशा नोंदी शोधा. यंत्र काढून दुसऱ्या बोटीत बसवणे आणि सांगाडा शिडावर किंवा वखारीत वापरणे सर्रास चाले.

'१२० अश्वशक्ती' हा आकडा आजच्या मोटारीसारखा समजावा का?

नाही. ती 'नाममात्र' अश्वशक्ती. सिलिंडरचा व्यास आणि दट्ट्याचा ठरावीक वेग घेऊन, दाब चौरस इंचाला सात पौंड धरून ती कागदावर काढत. विक्रीचा आकडा तो. प्रत्यक्ष काम त्याहून जास्त असे, आणि साल पुढे जाईल तशी तफावत वाढत जाते. दोन बोटींची तुलना करायची तर आकडे साधारण एकाच काळातले घ्यावेत.

हिंदुस्थानला वाफेवर येणारी पहिली बोट कोणती, आणि मुंबईच्या 'ह्यू लिंडसे'चे काय?

'एंटरप्राइज' ऑगस्ट १८२५ मध्ये फाल्मथहून निघाली आणि केपमार्गे डिसेंबरमध्ये कलकत्त्याला पोचली, ११३ दिवसांत. वाफेवर हिंदुस्थान गाठण्यासाठी जाहीर झालेल्या बक्षिसाची अट सत्तर दिवसांची होती. बराच प्रवास शिडांवर झाला, कारण एवढा कोळसा बोटीत मावणेच शक्य नव्हते. व्यापारी म्हणून ती फसली. सरकारने ब्रह्मदेशच्या युद्धासाठी ती ४०,००० पौंडांना घेतली आणि मालक सुटले.

'ह्यू लिंडसे'ची गोष्ट जास्त शिकवणारी आहे. ४११ टन, ८० अश्वशक्तीची दोन इंजिने, मुंबईच्या गोदीत नवरोजी जमशेटजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधलेली, ऑक्टोबर १८२९ मध्ये पाण्यात सोडलेली. कोळशाच्या कोठ्या साडेपाच दिवसांच्या. आणि मुंबई ते एडन सुमारे १,६०० सागरी मैल, म्हणजे त्या वेगाने अकरा दिवस. मग केबिन, माल ठेवायची जागा, डेक, सगळीकडे कोळसा भरला. २० मार्च १८३० रोजी कमांडर जॉन विल्सन निघाले तेव्हा बोटीचा मागचा भाग पाण्याला टेकला होता. अकरा दिवसांनी एडनला पोचल्यावर कोठीत सहा तासांचा कोळसा शिल्लक होता. तिथे आणि पुढे जिद्दा, कोसेर इथे कोळसा चढवण्यात दिवसच्या दिवस गेले. सुएझला २२ एप्रिलला पोचली: एकूण ३३ दिवस, त्यांपैकी वाफेवर जेमतेम २१.

म्हणजे मार्ग शक्य होता, बोट चुकीची होती. शिवाय तिच्यासाठीचा कोळसाही शिडाच्या जहाजांतून आधी तांबड्या समुद्रात नेऊन ठेवावा लागला होता. आगबोटीच्या प्रत्येक यशामागे अशी कोळसा वाहणारी शिडाची जहाजे असतात, त्यांची नावे मात्र कुणी विचारत नाही. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यात तर एवढ्या ताकदीच्या बोटीने मुंबईहून एडनकडे जाणे दुरापास्तच. पुढे 'अटलांटा' आणि 'बेरेनिस' या मोठ्या बोटी आल्यावर टपाल नियमित झाले.

'सिरियस'ने न्यूयॉर्कला पोचायला फर्निचर जाळले, हे खरे का?

नाही. ७०३ टनांची 'सिरियस' मुळात आयर्लंड-इंग्लंड फेरीची बोट. अटलांटिक ओलांडण्यासाठी बांधली जात असलेली 'ब्रिटिश क्वीन' वेळेत तयार झाली नाही म्हणून तिच्या जागी 'सिरियस' भाड्याने घेतली. ४ एप्रिल १८३८ रोजी कॉर्कहून निघून २२ तारखेला ती न्यूयॉर्कला पोचली, तेव्हा थोडा कोळसा उरलाही होता. राळेची पिंपे जाळली, त्यावरून पुढे खुर्च्या-टेबले आली असावीत. दुसऱ्या दिवशी इंजिनियर ब्रुनेल यांची 'ग्रेट वेस्टर्न' आली, चार दिवस उशिरा निघून, आणि तिच्या कोठीत २०० टन कोळसा शिल्लक होता. शर्यत 'सिरियस'ने जिंकली, हिशेब 'ग्रेट वेस्टर्न'ने.

'सिरियस'च्या बाजूने एक सांगायला हवे: तिच्यात वाफ थंड करून गोडे पाणी पुन्हा बॉयलरला देणारे हॉल यांचे कंडेन्सर होते, वर सांगितलेल्या मिठाच्या दुखण्यावरचा इलाज. पुढे ती आपल्या जुन्या फेरीवर परतली आणि जानेवारी १८४७ मध्ये बॅलीकॉटनजवळ फुटली. नाळेवरची कुत्र्याची मूर्ती, पंजांत तारा धरलेली, हल शहराच्या संग्रहालयात आहे. 'ग्रेट वेस्टर्न' टपालकंपनीकडे गेली, क्रिमियन युद्धात सैनिक वाहिले आणि १८५६ मध्ये मोडीत निघाली.

आगबोटी कशाने बुडत?

बहुधा चुकीच्या जागी वापरल्याने. 'रॉथसे कॅसल' १८१६ मध्ये क्लाइडच्या शांत पाण्यासाठी बांधलेली. पंधरा वर्षांची झाल्यावर, ऑगस्ट १८३१ मध्ये, लिव्हरपूलहून वेल्सच्या किनाऱ्याला सहलीचे प्रवासी घेऊन उघड्या समुद्रात गेली. पाणी आत आले, पंप तुंबले, भट्ट्या विझल्या, बोट वाळूच्या दांड्यावर आपटून फुटली. सुमारे १३० माणसे गेली.

'फॉरफारशायर' या आगबोटीचा बॉयलर सप्टेंबर १८३८ मध्ये हलहून डंडीला जाताना गळू लागला. गळक्या बॉयलरने ती पुढे जात राहिली, मग इंजिन बंद पडले. वारा जमिनीकडे. फार्न बेटांच्या खडकावर तिचे दोन तुकडे झाले. होडी वल्हवत जाऊन वाचलेल्यांना सोडवणाऱ्या दीपगृहातल्या ग्रेस डार्लिंगची कथा सगळ्यांना ठाऊक असते, गळक्या बॉयलरची नसते.

टकरीही होत्या. दुसरी 'कॉमेट' १८२५ मध्ये रात्री गुरॉकजवळ 'एअर' या आगबोटीवर आदळून बुडाली आणि साठांहून अधिक माणसे बुडाली. तांबडा, हिरवा, पांढरा असे दिवे लावायचा नियम आगबोटींना लागला तो १८४८ मध्ये.

लोखंडी बोटीत होकायंत्र चुकत नसे का?

चुके, आणि म्हणून सुरुवातीला लोखंडाला लोक भीत. लेर्ड यांनी बर्कनहेडला बांधलेली ईस्ट इंडिया कंपनीची 'नेमेसिस' (१८३९) हिचे होकायंत्र खगोलशास्त्रज्ञ एअरी यांच्या पद्धतीने, जवळ चुंबक आणि लोखंड ठेवून, दुरुस्त केले होते. तरीही निघाल्यावर लवकरच ती कॉर्नवॉलच्या खडकावर चढली. आत सात जलबंद कप्पे होते म्हणून वाचली. १८४ फूट लांब बोट भरलेली असताना पाण्यात फक्त सहा फूट बुडे. पहिल्या अफू युद्धात चीनच्या नद्यांत तिने जे केले ते या सहा फुटांमुळे.

माझे पूर्वज कोकणातून खलाशी म्हणून गेले. त्यांचे नाव सापडेल का?

सारंगाचे (खलाशांचा मुकादम) आणि तांडेलाचे (त्याच्या हाताखालचा) सापडण्याची आशा जास्त, साध्या खलाशाचे कमी. इंग्रज कारकुनाने नाव कानाने ऐकून लिहिलेले असते आणि गावाच्या जागी नुसते 'बॉम्बे'. १८३५ पासून इंग्लंडमध्ये खलाशांच्या याद्या सरकारकडे जमा होऊ लागल्या, पण पूर्वेकडच्या खलाशांची भरती सारंगामार्फत ठोक होई, आणि कायदा त्यांना ब्रिटिश खलाशी मानत नसे. म्हणून आधी जहाज शोधा, मग त्याच्या फेरीचे कागद.

पूर्वज मुंबईहून मॉरिशसला गेले. जहाज कसे शोधायचे?

इथे उलट दिशेने जावे. मॉरिशसमध्ये मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत स्थलांतरितांची दफ्तरे आहेत. त्यांत माणसाला क्रमांक आणि जहाजाचे नाव असते. ते नाव व पोचल्याची तारीख घेऊन रजिस्टरकडे या. मे १८३९ ते १८४२ अखेर हे स्थलांतर बंद होते, तेव्हा त्या काळातली तारीख सांगोवांगी असेल तर ती पुन्हा तपासा.

अधिकृत क्रमांक का सापडत नाही?

कारण तो १८५५ पासूनचा. त्याआधीचे जहाज नोंदणीचे बंदर, साल आणि त्या वर्षातला अनुक्रम यांवरून शोधतात: 'लंडन, १८२६, क्रमांक अमुक'. नोंदणीपत्रांच्या नकला लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात बीटी १०७ या मालिकेत आहेत. १८२० च्या दशकापासून मालकी ६४ भागांत मांडलेली दिसते. बंदर बदलले किंवा बांधणीत फेरफार झाला की नवी नोंद होते आणि जुन्या पत्रावर कारण लिहून ते रद्द करतात. 'लॉस्ट', 'ब्रोकन अप', 'सोल्ड फॉरिन' यांपैकी एक शेरा मिळाला की शेवट सापडला.

जहाजाच्या रोजनिशीत आणि वर्तमानपत्रात एका दिवसाचा फरक येतो. चूक कुणाची?

कुणाचीच नाही. समुद्रावरचा दिवस दुपारी बाराला सुरू होई आणि किनाऱ्यावरच्या तारखेच्या बारा तास पुढे चाले. सोमवारी दुपारी तीनला निघालेले जहाज रोजनिशीत मंगळवारी निघालेले दिसते. आरमाराने ही पद्धत १८०५ मध्ये सोडली, व्यापारी जहाजांत ती पुढेही रेंगाळली. नोंद दुपारनंतरची असेल तर एक दिवस वजा करा. सकाळची असेल तर तारीख आहे तशीच ठेवा.